पेट्रोल शंभरीपार आणि वाटेत खाड्या: कोकणात गाडीचा खर्च आवरायचा कसा?

दाभोळखाडी (धागाकर्ता)

पेट्रोलचा विषय निघाला की आपली चर्चा दरावर सुरू होते आणि दरावरच संपते. दर महत्त्वाचा आहेच. मुंबईत पेट्रोलने मे २०२१ मध्ये शंभरी ओलांडली आणि एप्रिल २०२२ मध्ये ते १२० रुपये ५१ पैशांवर गेले. त्यानंतर केंद्राने मे महिन्यात उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी उतरवलं, राज्याने जुलैत व्हॅट ५ रुपयांनी कमी केला, मार्च २०२४ मध्ये आणखी २ रुपये गेले. तरी महाराष्ट्रात दर काही शंभराच्या खाली आला नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर राज्याचा कर सगळीकडे २५ टक्के आणि त्यावर लिटरला ५ रुपये १२ पैसे असा झाला. म्हणजे आपण भरलेल्या प्रत्येक लिटरमधले पंचवीसेक रुपये नुसत्या राज्याच्या कराचे.

पण मला बोलायचं आहे ते किलोमीटरबद्दल. देशावरच्या माणसाला दोन गावांतलं अंतर नकाशावर दिसतं तेवढंच कापायचं असतं. आपल्याकडे समोरच्या गावातला दिवा दिसतो, पण तिथे गाडीने जायचं तर खाडीच्या टोकापर्यंत आत शिरून परत बाहेर यायचं. दापोलीहून गुहागरला जाणाऱ्याने खेड-चिपळूण मार्गे गाडी काढली तर शंभर किलोमीटर सहज होतात. दाभोळला जाऊन फेरीबोटीने धोपाव्याला उतरलं तर तेच काम पन्नासच्या आसपास होतं. पन्नास किलोमीटर वाचले, आणि गाडी लिटरला १६ देत असेल तर तीन लिटर पेट्रोल वाचलं. १०५ चा दर धरला तर तीनशे पंधरा रुपये, एका बाजूचे! फेरीचं भाडं वजा केलं तरी पैसे उरतात. सरकारने लिटरला दोन रुपये कमी केले की पेपरात मथळा येतो. पस्तीस लिटरच्या टाकीमागे त्यातले सत्तर रुपये हाती लागतात. ही फेरी २००३ पासून चालू आहे, पण पेट्रोल वाचवणारी सोय म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही.

दिघी-आगरदांडा, वेसवी-बागमांडले, जयगड-तवसाळ या फेऱ्यांचंही तेच. आणि जिथे फेरी नाही, पूल नाही, तिथला माणूस रोज वळसा घालून पेट्रोल जाळतो आहे. रेवस-रेडी सागरी मार्गाची चर्चा बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतो आहोत. बाणकोट खाडीवरच्या पुलाचं काम तर सुरू होऊन अर्ध्यावर थांबलं ते कित्येक वर्षं. या रखडण्याची किंमत लिटरमध्ये मोजायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

तर इथल्या गाडीवाल्यांना विचारतो: तुमच्या रोजच्या रस्त्यावर गाडी खरं ॲव्हरेज किती देते? ते मोजता कसं? आणि पेट्रोलमधलं इथेनॉल वाढल्यापासून फरक पडला का?

तिसरा_गियर

चांगला धागा. गॅरेजमध्ये निम्मं आयुष्य गेलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी मोजायचं कसं ते. डॅशबोर्डवर दिसतं ते ॲव्हरेज बहुतेक गाड्यांत थोडं चढंच असतं. त्यावर विसंबू नका. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, निम्म्याहून जास्त टाकी चालवा आणि परत त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पहिल्या कटपर्यंत भरा. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका, चार-पाच टाक्यांची सरासरी घ्या. शंभर-दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकत राहणाऱ्याला आपली गाडी किती पिते हे कधीच कळत नाही.

आता घाट. आपल्याकडे गाडी "खाते" ती चढावर, आणि ते टळणारं नाही. चिपळूणहून कुंभार्ली चढून वर गेलात की गाडी सुमारे ६०० मीटर उचलली जाते. गाडी, चार माणसं आणि सामान मिळून १,३०० किलो धरा. इंजिनात जळलेल्या पेट्रोलच्या शक्तीतली जेमतेम पंचवीस ते तीस टक्के चाकापर्यंत पोचते, बाकी उष्णता होऊन जाते. हिशोब केला तर नुसत्या उचलण्यासाठीच पाऊण ते एक लिटर लागतं. रस्ता कापायचं पेट्रोल त्याच्या वर. त्यामुळे कराडला जाऊन आलेल्या गाडीचं ॲव्हरेज रत्नागिरी-पावसच्या गाडीशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

चढलेलं थोडंफार उतारावर परत मिळवता येतं, आणि तिथेच लोक उलटं करतात. उतार लागला की गाडी न्यूट्रल. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांपासून लागलेली ही सवय आहे. आत्ताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनला जाणारं पेट्रोल कॉम्प्युटर बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलीत तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये पेट्रोल जास्त जातं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आंबा घाट उतरून साखरप्याला पोचलेल्या गाडीचं चाक हाताला चटका देईल इतकं तापलेलं असतं, लायनर जळल्याचा वास येतो. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. पेट्रोलही वाचेल, जीवही वाचेल.

आणखी एक. मुंबई-गोवा महामार्गाचे नवे काँक्रीटचे पट्टे लागले की काटा शंभरच्या पुढे जातो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. टपावर कॅरियर, त्यावर ताडपत्री बांधलेलं सामान असेल तर विचारूच नका. संगमेश्वर ते लांजा या टप्प्यात वाचणाऱ्या दहा-बारा मिनिटांसाठी किती पेट्रोल जातं हे एकदा मोजून पाहा.

हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना. कमी हवेची गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालते.

तेरेखोल

आमच्या सिंधुदुर्गात वेगळाच विषय. "गोव्यात जावन टाकी भरून येवया" हे प्रत्येक घरात ऐकू येतं. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हापासून ही सवय पक्की झाली. नंतर तिकडेही कर वाढला, पण दोन्हीकडच्या दरांत बरेच रुपये अंतर राहत आलं आहे.

लिटरमागे ८ रुपये फरक धरून हिशोब मांडतो. पस्तीस लिटर भरले तर २८० रुपये वाचतात. बांद्याच्या माणसाला पत्रादेवी हाकेच्या अंतरावर. जाऊन-येऊन दहा किलोमीटर धरले तरी पन्नास-साठ रुपयांचं पेट्रोल जळतं, म्हणजे फायदाच. सावंतवाडीहून मुद्दाम गेलात तर येऊन-जाऊन पस्तीसेक किलोमीटर, दोनशेच्या आसपास गेले, हातात ऐंशी उरले आणि तास-दीड तास गेला. कुडाळहून मुद्दाम जाणारा मात्र तोट्यात. ऐंशी किलोमीटरला साडेचार लिटर जातात, म्हणजे पावणेपाचशे रुपये. २८० वाचवायला पावणेपाचशे! तरी लोक जातात, कारण पंपावर कमी आकडा दिसतो आणि वाटेत जळलेलं डोळ्यांना दिसत नाही. म्हापशाला, पणजीला काम असेल तेव्हाच येताना भरा.

आणि कॅनमधून पेट्रोल आणू नका. डिकीत प्लास्टिकचा कॅन, बाहेर मे महिन्याचं ऊन. पेट्रोलची वाफ किती पटकन पेट घेते हे सांगायला नको.

सुरूबन

इथेनॉलबद्दल विचारलंत म्हणून लिहिते. इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. २० टक्के मिसळलं की पूर्ण मिश्रणात सहा-सात टक्क्यांची तूट आलीच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या घडणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के, दुचाकींना ३ ते ४ टक्के आणि नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के घट धरली आहे. म्हणजे फरक पडतो, पण "गाडी वीस द्यायची ती चौदावर आली" असं कोणी सांगितलं तर त्यातलं सगळं इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. प्लग, एअर फिल्टर, हवा, क्लच हे तपासायला हवं.

माझी काळजी वेगळी आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आपली हवा कशी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. गावच्या घरी उभी ठेवलेली गाडी, जी गणपतीला आणि शिमग्याला निघते, तिच्या टाकीत महिनोन् महिने तेच पेट्रोल पडून असतं. अर्धी टाकी रिकामी असेल तर वर दमट हवा भरलेली. पाणी ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की इथेनॉल आणि पाणी तळाशी वेगळं होतं, आणि पंप खेचतो तो तळातूनच. ज्यांची गाडी जुनी आहे, म्हणजे एप्रिल २०२३ च्या आधीची, त्यांनी रबरी नळ्या आणि सील वर्षातून एकदा बघून घ्यावेत. आणि गावच्या गाडीला आठवड्यातून एकदा कोणीतरी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणावं. बॅटरीलाही ते बरं.

दाभोळखाडी

@सुरूबन, गावच्या गाडीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आमच्या वाडीत पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्या चिक्कार. गणपतीच्या आदल्या दिवशी त्या सुरू होत नाहीत आणि मेकॅनिकच्या दारात रांग लागते.

@तेरेखोल, हिशोब आवडला. मुंबई-पुण्याच्या लोकांनाही असाच मांडून दाखवायला हवा.

परशुराम_पायथा

पेट्रोल कमी भरलं जाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या भागातल्या एका पंपावर (नाव लिहीत नाही) माझी गाडी प्रत्येक वेळी लिटर-दीड लिटर कमीच दाखवायची. तिथल्या मुलाशी वाद घालून काही उपयोग झाला नाही. मग एका जाणत्या माणसाने सांगितलं की वाद घालू नकोस, माप माग.

प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याच्या शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, आणि ग्राहकाने मागितलं की त्याच्यासमोर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत इकडेतिकडे चालतं, त्याहून कमी आलं तर तो नोझल बंद व्हायला हवा. माप आधी ओलं करून रिकामं केलेलं असावं आणि सपाट जागेवर ठेवलेलं असावं, एवढं बघा. मी मागितलं तेव्हा दोन माणसं आतून आली, बराच वेळ गेला, पण मोजलं. पन्नासच्या वर कमी निघालं. लेखी तक्रार दिली, काही दिवसांनी नोझल दुरुस्त झाला.

भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागायचा, तोही मोफत मिळतो. नोझलचं तोंड पुसून एक थेंब टाकायचा. चांगलं पेट्रोल दोन मिनिटांत उडून जातं. मागे गडद डाग राहिला तर घोळ आहे. त्या दिवशीची घनताही फलकावर लिहिलेली असते.

सकाळी गार हवेत पेट्रोल जास्त मिळतं हे मात्र मनावर घेऊ नका. टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. तसंच ११० किंवा २१० रुपयांचं भरलं की फसवणूक होत नाही, हाही समज. फसवायचं असेल तर कुठल्याही आकड्यावर फसवता येतं.

गोदीकामगार

मी मुंबईहून येणारा. आमचं पेट्रोल कुठे जळतं सांगू? उभ्या गाडीत. गणपतीच्या आधीच्या दोन रात्री पेणपासून माणगाव, लोणेरेपर्यंत गाड्यांची मुंगीची चाल असते. इंजिन चालू, आत लहान मुलं आणि म्हातारी माणसं, म्हणून एसी बंद करता येत नाही. लहान पेट्रोल गाडीसुद्धा एसी लावून उभी असली की तासाला पाऊण ते एक लिटर जाळते. पाच तास अडकलो तर चार-पाच लिटर, आणि एक किलोमीटर पुढे नाही. अशी हजारो गाड्यांची गोळाबेरीज करा. पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा शाळेत असलेली मुलं आता स्वतः गाडी चालवत गावी येतात. टोलमाफीचा पास मिळतो त्याबद्दल आभार, पण टोलचे वाचलेले पैसे माणगावलाच धूर होऊन जातात.

२०२५ च्या गणपतीला कोकण रेल्वेने कोलाड ते गोव्यातलं वेर्णा अशी रेल्वेगाडीवरून मोटार न्यायची सोय केली, नंतर नांदगावलाही थांबा दिला. कल्पना उत्तम. पण तेव्हा वेर्ण्यापर्यंत मोटारीचे ७,८७५ रुपये होते, माणसांचं तिकीट वेगळं. तेवढ्या रस्त्याला, साडेचारशेच्या आसपास किलोमीटर धरा, तीस लिटर म्हणजे तीन-सव्वातीन हजारांचं पेट्रोल लागतं. दुपटीहून जास्त पैसे कोण देईल? शिवाय चिपळूण-रत्नागिरीच्या माणसाला उपयोग शून्य. रत्नागिरीला गाडी उतरवता आली आणि भाडं पेट्रोलच्या जवळपास आलं, तर मी पहिला जाईन.

अलिबागवाल्यांचं बरं आहे. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो (मोटारीसकट नेणारी बोट) झाली, पेणचा वळसाच सुटला.

शाळेची_वाट

सगळं वाचलं. तिसऱ्या गियरने लिहिलेलं मी आजपासून पाळणार आहे. पण एक गोष्ट मनापासून सांगायची आहे.

मी शिक्षिका आहे. खाडीपट्ट्यातल्या शाळेत जाते. गाडी घेतली ती हौसेने नाही. सकाळची एस.टी. शाळेच्या वेळेला पोचत नाही आणि संध्याकाळची शेवटची गाडी मी फाट्यावर येईपर्यंत निघून गेलेली असते. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे. मला त्याचा फायदा हवा आहे, पण गाडीच नसेल तर अर्धं काय आणि पूर्ण काय. माझ्या पगारातला मोठा वाटा पेट्रोलला जातो, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणी आहेत. नर्स, ग्रामसेविका, बँकेतल्या मुली.

गाडी नीट चालवून मी दहा टक्के वाचवीन, फार तर पंधरा. आठला एक आणि साडेपाचला एक अशा दोन एस.टी. या मार्गावर वेळेवर धावल्या तर माझं सगळंच वाचेल आणि आणखी दहा-बारा गाड्या घरी राहतील. आम्ही चौघी सध्या एकाच गाडीने जातो. आठवड्याला पाळीपाळीने एकीची गाडी, पेट्रोलचा खर्च चौघींत. पण एकीची बदली झाली, एकीला घरी लवकर जावं लागलं की सगळं विस्कटतं. अशी व्यवस्था मैत्रीवर चालते, आणि रोजच्या नोकरीला तेवढं पुरत नाही.

आगाराला निवेदन दिलं होतं. उत्तर आलं, प्रवासी संख्या कमी आहे. वेळ चुकीची म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून वेळ बदलत नाही. याला कुठेतरी तोडायला हवं.

तिसरा_गियर

@शाळेची_वाट, पटलं. चौघींचा भार असेल तर मागच्या टायरांची हवा दोन-तीन पॉइंट वाढवा, दरवाजाच्या चौकटीवर पूर्ण भाराचा आकडा लिहिलेला असतो तो बघा. बाकी एस.टी.चं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

तेरेखोल

सीएनजीबद्दल कोणी बोलणार का? रत्नागिरी-चिपळूणला पंप झाले, आमच्याकडेही होतायत.

तिसरा_गियर

@तेरेखोल, रोज पन्नास किलोमीटरच्या वर चालणार असेल आणि वाटेत पंप असेल तरच घ्या. खर्च कमी येतो यात शंका नाही. पण डिकी जाते, चढावर गाडी दमते, आणि पंपावर प्रेशर नसेल तर अर्धीच टाकी भरते. रांगेत जाणारा वेळही धरा. आतल्या गावांत राहणाऱ्याने सध्या थांबावं.

दाभोळखाडी

सगळ्यांचे आभार. @शाळेची_वाट, तुमच्या पोस्टमुळे माझा विषय पुरा झाला. मी फेरी आणि पूल म्हणत होतो, त्यात एस.टी. जोडली पाहिजे.

एक सुचवतो. आपल्यापैकी जे रोज ठरावीक वळसा घालून जातात, त्यांनी महिनाभर टाकी-टू-टाकी मोजावं आणि इथे लिहावं: कुठून कुठे, रस्त्याने किती किलोमीटर, खाडीवरून किंवा वेळेवर एस.टी. असती तर किती, आणि मधला फरक किती लिटरचा. ग्रामसभेत "पूल हवा", "गाडी हवी" असं म्हटलं की नुसत्या माना डोलवतात. चाळीस-पन्नास घरांचे लिटर कागदावर मांडून नेले तर निदान आगारप्रमुखाला आणि मेरीटाइम बोर्डाला उत्तर द्यावं लागेल. दापोली, मंडणगड आणि गुहागरचे आकडे गोळा करायचं काम मी घेतो. दक्षिणेकडचं कोणी घेईल का?

तेरेखोल

वेंगुर्ला आणि मालवणचं माझ्याकडे द्या. रेडी-तेरेखोलच्या बाजूने सुरुवात करतो, तिथे रोज गोव्यात कामाला जाणारी मुलं आहेत. त्यांच्याकडे हिशोब तयारच असतो.

शाळेची_वाट

आमच्या चौघींचे आकडे पुढच्या टाकीपासून लिहिते. रस्त्याने एका बाजूचे ३४ किलोमीटर, तर होडीने पलीकडे जाऊन ११. पण होडीत गाडी चढत नाही आणि पलीकडून शाळेपर्यंत काहीच वाहन नाही. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते सांगा.

दाभोळखाडी

@शाळेची_वाट, "एस.टी. असती तर" या रकान्यात लिहा, आणि शेजारी पलीकडच्या फाट्याचं नाव.